धोकादायक असल्याचा दाखला

१९८४ साली आमच्या गावची शंभर वर्षांची चिऱ्यांची शाळा पाडायचं ठरलं आणि ती धोकादायक असल्याचा दाखला इंजिनियर म्हणून मीच दिला. "श्रीपाद, एकदा आत येवन भिंती तरी बघ रे," असं गुरुजींनी विनवलं होतं. पण वरून आदेश होता, मी फाटकातच सही करून निघालो.

पाडकाम सुरू होऊन तीन दिवस झाले, तरी पहारींनी एक भिंत पडेना.

"साहेबांनू, ह्या धोकादायक भिंतीक आता सुरुंगच लावूक होयो!" गवंडी मुनव्वर म्हणाला आणि सगळे गडी मला हसले.

गुरुजी तिथेच उभे होते. मान खाली घालून ते गड्यांना म्हणाले,


"तेका हसा नकात रे. तेका मियाच शिकवलंय."