पावडर

पावडरचा डबा भराभर रिकामा होत चालला होता, आणि चोर कोण ते पवनला पक्कं ठाऊक होतं. चुलतभाऊ बंकट. दुसरं कोण? बंकटचे दंड हल्ली कसे टरारले होते! आणि इकडं पवनची मांडी प्लास्टरात वाळत चाललेली. आत बोट जाईल एवढी जागा झाली होती. पहिलवान गड्याला याहून वाईट ते काय!

परदेशी माल हल्ली बीडपर्यंत पोचला होता. तिथल्या वस्तादांनीच हा डबा बंकटच्या हाती धाडला होता. क्रिएटिन का काय ते नाव. तालीम बंद असली तरी यानं अंग धरून राहील, असा निरोप होता. आणि ते बंकट्या फुकटात चाटणार? त्याचं टकुरंच फोडतो, असं ठरवून पवन दुपारी उशाशी काठी घेऊन झोपेचं सोंग करून पडला.

पावलं वाजली. फळीवरचा डबा उघडला. पवननं डोळे किलकिले केले, तर त्याची आई, दगडाबाई!

तिनं चमचाभर पावडर तोंडात टाकली, वर पाणी प्याली आणि पोटावर हात ठेवून उंबऱ्यात बसून राहिली.

"माय! तूच खातीस व्हय?"

ती दचकली. "खाते. रोज आधी मीच खाते. घटकाभर बसते. मला काय झालं न्हाई, की मग तुला कालवून देते."

"अगं, ती ताकदीची हाय!"

"आन् धुळाजीनं काय खाल्लतं? पावडरच ना?"

शेजारच्या धुळाजीनं कपाशीवर मारायची पावडर खाऊन जीव दिला होता. तेव्हापासून नांदूरघाट गावात त्या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता.

"वस्ताद मला कशाला जीवं मारतेल?"

"वस्तादाचं नाव कोण घेतंय?" दगडाबाईचा आवाज चिरकला. "पाय मोडला तवा तूच म्हणलास, आता जगून काय करू. बंकटला सांगून तू डब्यात काय भरून आणलंस, मला काय ठावं?"

पवनला लई लाज वाटली. त्यानं काठी हळूच खाटेखाली सरकवली.

"माय, मला मरायचं न्हाई. मला परत कुस्ती खेळायचीय. म्हणून तर पितोय."

"बरं," ती म्हणाली. पेल्यात पावडर कालवून तिनं पेला त्याच्यापुढं धरला. मग पुन्हा मागं घेतला, एक घोट स्वतः प्याली आणि त्याच्या हातात दिला.