नजरेचं माप

टेलरमास्तरांनी चाळीस वर्षांत कुणाच्या अंगाला टेप लावली नव्हती. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ते चष्म्यावरून एकदा वर, एकदा खाली बघत आणि थेट कापडाला कात्री लावत. कोट असा बसे, की जणू अंगावरच शिवलाय. त्या नजरेचं गावभर कौतुक.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि नवरदेवाचे वडील कोटासाठी स्वतः दुकानात आले. मास्तरांनी सवयीनं नजर फिरवली. "झालं माप. पुढच्या आठवड्यात न्या."

"टेप लावा, व्याही."

"कशाला हो? तुमच्या घरचे कपडे मी पहिल्यापासून असेच शिवलेत."

"का शिवलेत ते ठाऊक आहे मला. तुमच्या जातीचा हात आमच्या अंगाला चालत नव्हता. माझे वडील तुम्हाला अंगणातच थांबवायचे." व्याह्यांनी दोन्ही हात पसरले. "लावा आता."

मास्तरांनी कापड मोजायची टेप उचलली आणि जपून त्यांच्या छातीभोवती धरली. व्याही खिदळायलाच लागले. "हळू हो, गुदगुल्या होतात." ते वळवळले, मास्तरांनाही हसू आवरेना, टेप दोनदा सुटली आणि आकडा नेमका किती आला ते दोघांनाही सांगता येईना.

लग्नात कोट खांद्याला ढगळ, बाहीला आखूड. मास्तरांच्या हातून बिघडलेला पहिलाच. पाहुणे कोटाकडे बघून गालात हसू लागले, की व्याही छाती पुढे काढून सांगत, "माप घेऊन शिवलाय."