कार्डाची करामत

बंकट खुर्चीत बसला तोच शर्यत जिंकल्याच्या थाटात. तेलगावात त्याचं स्वतःचं गेमचं दुकान होतं आणि कॉम्प्युटरवरच्या मोटारींच्या शर्यतीत त्याला आजवर कुणी हरवलं नव्हतं. रुद्राणीनं तर दरवेळी मार खाल्ला होता. शेवटच्या वळणावर तिचं चित्र अडखळायचं आणि बंकटची लाल गाडी पुढं निघून जायची.

"चित्र अडखळतं, माझा हात नाही," असं ती घरी कळवळून सांगायची. तिच्या वडिलांना, मन्मथप्पांना, ते काही पटत नसे. माजलगावातल्या त्यांच्या किराणा दुकानाला लागून एसटीडीचा बूथ होता. तो बंद पडला तेव्हा त्या खोलीत रुद्राणीनं हट्टानं दोन कॉम्प्युटर मांडले होते. पण माजलगावची पोरं बंकटचं नाव ऐकून तेलगावच्या जीपमध्ये बसू लागली, तेव्हा मन्मथप्पांनी सांगून टाकलं, दसऱ्याला इथंच बंकटशी खेळ. जिंकलीस तर खोली तुझी, हरलीस तर तिथं खताची पोती.

म्हणून तर थोरला भाऊ सोमेश्वर पुण्याहून नवं ग्राफिक कार्ड घेऊन आला होता. हिरवी पट्टी आणि तिच्यावर इवलासा पंखा. त्या कार्डावर चित्र अडखळत नाही, रस्त्यावरचं पाणी खरं दिसतं, गाडीवर ढगाची सावली पडते, असं बाजारात जो तो सांगत होता. सांगणाऱ्यांपैकी एकानंही ते पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

बंकटला कार्डाचं कळलं तेव्हा तो हसला. कार्डवाला कॉम्प्युटर ताईंनीच घ्यावा, आपण साध्यावर खेळू, असं म्हणून त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. बघणारी मंडळी खूश झाली.

सकाळपासून सोमेश्वरच्या घरात-दुकानात खेपा चालल्या होत्या. आता तो कॉम्प्युटरच्या डब्याचा स्क्रू आवळत होता. रुद्राणी वाकून हळूच म्हणाली, "दादा, बसलं ना नीट?"

"तू रस्त्याकडं बघ. बाकीचं माझ्यावर सोड."

शर्यत सुटली. बंकट सवयीनं पुढं गेला आणि रुद्राणी त्याच्या मागं चिकटली. आज तिच्या मनात धाकधूक नव्हती. एवढं भारी कार्ड पाठीशी असताना भ्यायचं कशाला? एरवी वळण जवळ आलं की चित्राच्या भीतीनं तिचं बोट आपोआप ब्रेकवर जायचं. आज ते गेलं नाही. चित्र अडखळलं की नाही, हे बघायला ती थांबलीच नाही. बंकटच्या आतल्या अंगानं तिनं गाडी घुसवली आणि रेषा ओलांडली तेव्हा लाल गाडी मागं राहिली होती.

मग काय विचारता! कुणीतरी गुलाल उधळला, कीबोर्ड लाल झाला. आनंदानं रुद्राणीला रडू फुटलं.

बंकट उठला. "ताई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमी न्हाई जिंकलात. ते कार्ड जिंकलं."

मन्मथप्पांनीही मान डोलावली. शब्द दिलाय, खोली तुझी, पण बंकट म्हणतो ते खोटं न्हाई, असं ते सगळ्यांदेखत बोलले. रुद्राणीच्या जिवाला ते फार लागलं. तिलाही तसंच वाटत होतं. तिनं सोमेश्वरकडं पाहिलं. तो गालातल्या गालात हसत होता.

तेवढ्यात घराच्या दारातून आई, शिवकांता, ओवाळणीचं ताट घेऊन आली. ताटात निरांजन होतं, आपट्याची पानं होती आणि मधोमध विभूतीची तीन बोटं ओढलेली, हळद-कुंकू वाहिलेली एक हिरवी पट्टी होती.

"सोमेश्वरा, सकाळपासून लई मागं लागलतास," ती म्हणाली, "घे, खंडेनवमीची हत्यारांची पूजा आत्ता हलवली. आता बसव तुझं कार्ड."