मंजूषाची सर्दी

मीनलने वाडग्याला ओठ लावून तीन घोट घेतले आणि कागदाच्या घडीने कड पुसली. मग वाडगा हातातल्या हातात फिरवून तिने तो मंजूषाच्या गुडघ्यांपुढे ठेवला. आत चहा कसला, हिरवंगार पिठलंच होतं म्हणा ना.

"आता तुम्ही, ताई," ती हळूच म्हणाली. "जरा कडू लागतो. पण घेऊन तर बघा."

नायमेखन या डच शहरातल्या, जपानी ओकादाबाईंच्या घराची ही वरची खोली. चटयांवर गुडघे मुडपून तिघं पाहुणे बसले होते. आधी मीनल, मग मंजूषा, आणि शेवटी शेजारचे म्हातारे यान. समोर उकळत्या किटलीपाशी ओकादाबाई. सगळे बसल्यावर त्यांनी संथ इंग्रजीत समजावलं होतं की हा दाट चहा सगळ्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा, खरा मान त्यातच असतो. कुणाला बरं नसेल तर आत्ताच सांगा, त्याला वेगळा देईन. तेव्हा सगळ्यांच्या आधी मंजूषाच म्हणाली होती, "छे, छे, मी अगदी ठणठणीत आहे."

आणि आता तिचा हात पुढे होईना.

बरं, मंजूषाबाईंना उष्ट्याचं वावडं आहे म्हणावं, तर तासाभरापूर्वीच बसमध्ये ती मीनलच्या बाटलीतलं पाणी चांगलं तोंड लावून गटागट प्यायली होती. दोघींची ओळख मराठी मंडळाच्या ग्रुपवरची, भेट मात्र आज पहिल्यांदाच. मंजूषाच्या फोनमध्ये तिचं नाव होतं 'मीनल नायमेखन'. युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी, बोलायला मोकळी पोर. ओकादाबाईंकडे चहा शिकायला येते, म्हणून आग्रहाने मंजूषालाही घेऊन आली. सगळं कसं छान चाललं होतं. मग खाली दारात बूट काढता काढता मंजूषाने विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" आपल्याकडे हा प्रश्न उगाच कुणी विचारत नाही. उगाच विचारला असं म्हणायची पद्धत मात्र आहे.

"सोनकांबळे," मीनल म्हणाली.

"अच्छा. छान," मंजूषा म्हणाली. आता आडनावाला कुणी छान म्हणतं का? पण तोंडातून गेलं ते गेलं.

आपण जातपात मानत नाही, हे मंजूषा चारचौघांत नेहमी सांगायची. खोटं नव्हती सांगत, तिला खरंच तसं वाटायचं. मानायची ती आई, तेही तिकडे पुण्यात. मंजूषाला इथे येऊन चौदा वर्षं झाली होती. कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत तिच्या हाताखाली सात देशांची माणसं होती, आणि कँटीनमध्ये ती कुणाच्याही डब्यातलं खायची. मग आत्ता हे काय? वाडग्याची कड तर स्वच्छ पुसलेली होती. तिने हात उचलायचं ठरवलं, पण हात मांडीवरच राहिला. शी, काय बाई आहोत आपण, असं तिला वाटलं. तरीही तो हलला नाही.

ओकादाबाई वाट बघत होत्या. यानही मान वाकवून बघू लागले.

"सॉरी," मंजूषा इंग्रजीत म्हणाली. "मला थोडी सर्दी आहे. उगाच सगळ्यांना नको."

"मग इकडे द्या," म्हणत यान यांनी स्वतःच वाडगा उचलला आणि तळाशी उरलेला चहासुद्धा मजेत संपवला. ओकादाबाईंनी फडताळातून दुसरा लहान वाडगा काढला. हिरवी पूड घातली, गरम पाणी घातलं, आणि शांतपणे घोटायला लागल्या. घोटता घोटता त्यांचा हात थांबला.

"आलात तेव्हा बऱ्या होतात," त्या म्हणाल्या. "माझं काही चुकलं का? मला सांगा. मला वाईट वाटणार नाही."

मंजूषाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तुमचं नाही हो, माझं चुकलं, एवढंच तर म्हणायचं होतं.

"तुमचं काही नाही," मीनल म्हणाली. "त्या बसमध्ये सारख्या शिंकत होत्या. मीच म्हटलं चला, काही होत नाही. मघाशी संकोचाने बोलल्या नसतील."

ओकादाबाईंचा चेहरा निवळला. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि वेगळा वाडगा मंजूषापुढे ठेवला.

मंजूषा बसमध्ये एकदाही शिंकली नव्हती. म्हणजे हिला कळलं होतं. बहुतेक खाली दारातच, त्या 'छान'लाच कळलं असणार. तिच्याकडे बघायची हिंमत मंजूषाला झाली नाही. तिने दोन्ही हातांनी आपला वाडगा उचलला आणि एक घोट घेतला. डोळे भरून आले, नाक खरोखरच वाहायला लागलं. इतक्या शांत खोलीत ते ओढून घेतलेलंही सगळ्यांना ऐकू गेलं.

मीनलने पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं. ते हातात न देता तिने चटईवर ठेवलं आणि दोन बोटांनी मंजूषाकडे सरकवलं.

"घ्या, ताई," ती म्हणाली, आणि मंजूषाचा हात पोचायच्या आत तिने आपला मागे घेतला.