घरगाडीची पारख

ट्रक ड्रायव्हरच्या बायकोने घरगाडीच्या खिडकीखालच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, कान लावला आणि म्हणाली, "इथे पाणी मुरलंय."

"मागच्या पावसात थोडंसं," दातांचे डॉक्टर ओशाळून म्हणाले. "नंतर रबर बदललंय." गाडी त्यांची होती. मोठ्या हौसेने घेतलेलं मोटरहोम, दोन सहली झाल्या आणि अंगणात उभं राहिलं ते राहिलंच.

ट्रक ड्रायव्हर गाडीखालून चेसिसचा गंज बघून आला होता. दारात उभा राहून तो हात पुसत होता आणि गालातल्या गालात हसत होता. तो निवृत्त झाला त्याला वर्ष होऊन गेलं. गाडीची जाहिरात बायकोनेच दाखवली होती, तरी त्याला धाकधूक होती, की आत पाऊल टाकताच ही नाक मुरडणार. पण ती तर पदर खोचून कामाला लागली. कपाटात डोकं घालून वास घेतला. नळ सोडून धार बघितली. शेगडी पेटवून पाहिली. सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची, हे डॉक्टरांना दोनदा विचारलं. लेकीसाठी स्थळ बघतानाही तिने एवढी चौकशी केली नव्हती.

"तुमचं चालू द्या, मी किल्ल्या घेऊन येतो," म्हणत डॉक्टर घरात गेले.

"आता पलंग," ती म्हणाली. "झोपा बरं."

तो बूट काढून आडवा झाला. ती पायथ्याशी उभी राहिली. "पाय सरळ होतायत ना?"

"अगदी." तो भिंतीकडे सरकला आणि शेजारची जागा थोपटली. "ये, तूही बघ. दोघांना जरा अडचण होईल, पण..."

"एकाला ऐसपैस आहे," ती म्हणाली आणि कडेला टेकली.

महिनाभर मनात घोळवलेलं वाक्य त्याने आता बाहेर काढलं. "तीस वर्षं मी रस्त्यावर आणि तू घरात एकटी. वाट बघण्यात जन्म गेला तुझा. आता मी जाईन तिथे तू बरोबर. एकटीला नाही ठेवणार."

तिने गादीची शिवण दोन बोटांनी चाचपली. "मला एकटीला करमत नव्हतं, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

तो हसला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हसू ओठांवरच थिजलं.

"रागावू नका. कधीची सांगेन म्हणतेय. महिन्यातून चार दिवस यायचात, तेव्हा किती छान चालायचं आपलं. मी नटूनथटून दारात उभी असायचे. चार दिवसांत भांडायला फुरसत कुणाला? आणि तुम्ही गेलात, की घर माझं. रेडिओ लावून शिवत बसायचे. नाही केला स्वयंपाक तर नाही केला. आता जिकडे वळावं तिकडे तुम्ही. माझ्या डब्यांच्या जागा बदलल्यात. फोन ठेवला, की 'कोण होतं?' आंघोळीला गेले तरी दाराबाहेरून 'अजून किती वेळ?' अहो, मला श्वास घ्यायला जागा उरली नाही."

"म्हणजे ही गाडी..."

"म्हणून तर इतकी नीट बघितली. तुम्हाला ओलीत नको झोपायला."

झोपल्या जागी त्याच्या पायाखालची जमीन सरकली. एकदा घाटात भरल्या ट्रकचे ब्रेक गेले होते, तेव्हाही तो असा गांगरला नव्हता. तो ताडकन उठला आणि वरच्या कपाटावर डोकं आपटलं. लागलं, हेही त्याला कळलं नाही. तिने मात्र सवयीने तिथे हात ठेवला आणि चोळू लागली.

"मी एकटा कुठे हिंडू?" तो म्हणाला.

"आजवर हिंडलातच की. तुम्हाला आवडायचं ना."

"आवडायचं?" त्याने तिच्याकडे बघितलं. "केबिनमध्ये कधी धड झोप लागली नाही मला. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, की भीती वाटायची. पोरासारखा दिवा लावून पडायचो. घरी बोललो नाही. म्हटलं, तू काळजी करत बसशील."

चोळणारा हात थांबला.

"सगळी वर्षं?"

"सगळी."

आता ती त्याच्याकडे आ वासून बघत राहिली. एवढ्याशा त्या खोलीत दोघांना एकमेकांपासून नजर लपवायलाही जागा नव्हती.

दारावर टकटक झाली. "काय मग?" किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत डॉक्टरांनी विचारलं. "पसंत आहे ना?"

डॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागले. "घरी जाऊन विचार करायचा असेल तर..."

"घेतो," ट्रक ड्रायव्हर म्हणाला. का म्हणालो, ते त्याला पुढेही कधी धड सांगता आलं नाही. तिने इतक्या मनापासून निवडलेली वस्तू नको कशी म्हणायची, एवढंच त्या घटकेला त्याच्या डोक्यात होतं.

गाडी घेऊन परतताना ती शेजारच्या सीटवर बसली. दोघंही समोर बघत होते. अर्धा रस्ता झाल्यावर तिने हळूच विचारलं, "रात्रभर दिवा ठेवला, तर बॅटरी उतरते का हो?"

"उतरते थोडी," तो म्हणाला.

घर आलं. गाडी मागे घेत फाटकातून आत न्यायची होती. ती उतरली आणि मागे जाऊन उभी राहिली. रस्त्यावरच्या माणसाचा हात वाचण्यात त्याची उमर गेली होती. धुक्यात, धुळीत, भर गर्दीत, क्लीनरच्या एका इशाऱ्यावर त्याने अजस्र ट्रक बोळात घातले होते.

त्याने आरशात बघितलं. फाटकापाशी ती हात हलवत होती. ये म्हणतेय, की जा, ते त्याला कळेना. ब्रेकवर पाय दाबून तो नुसता बघत राहिला.