शांतव्वाच्या घरातल्या चुली

या मंडळी, अशी जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. देवाच्या दारात बसलोच आहोत, तर एका घराची गोष्ट सांगतो. फार मोठी नाही, एका दुपारची आहे.

हातकणंगल्याच्या बाजूला, नदीकाठच्या एका गावात शांतव्वाच्या सोप्यात ग्रामपंचायतीचे गणपतराव टॅब घेऊन बसले होते. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पुराच्या पाण्याची रेघ होती आणि रेघेखालची माती बोट लावलं तरी गळत होती. पूरग्रस्तांसाठी वरच्या माळावर नवी वसाहत व्हायची होती. जागा कुणाला किती, नळ किती, अंगणवाडी केवढी, सगळं आजच्या आकड्यावर ठरणार होतं.

“आज्जी, घरात चुली किती?”

“एक.”

“घाई करू नका. वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब, आणि कुटुंबामागं एक प्लॉट. तुमची दोन पोरं, दोघांची लग्नं झाल्यात. नीट आठवून सांगा.”

“म्हातारी झालो म्हणून खुळी झालो व्हय मी?” शांतव्वानं कपाळावरच्या विभूतीला हात लावला. “नऊ माणसं हाय आम्ही. सासऱ्यापासनं ह्या घरात एकच चूल. गावात कुणालाबी इचारा.”

“शेजारी भूपाल मगदुमांच्यात चार निघाल्या.”

“निघतील की! काल सांजच्याला मांडल्यात त्या. अजून एकीवर च्या तरी झालाय का, जाऊन बघा.”

गणपतराव हसले. हसता हसता त्यांची नजर आतल्या पलंगाखाली गेली. वाकळेनं काहीतरी झाकलं होतं आणि वाकळेच्या कडेनं गॅसची नारिंगी नळी बाहेर आली होती. त्यांनी ती पाहिली. त्यांनी पाहिलं हे उंबऱ्यात उभ्या असलेल्या दानेश्वरीनं पाहिलं.

दानेश्वरी ही धाकटी सून. शेगडी तिचीच. अकरा महिने ती मागच्या खोलीत नवऱ्यापुरतं, लेकीपुरतं आणि आपल्यापुरतं वेगळं शिजवत होती. गल्लीला ठाऊक होतं, तोंडावर कुणी बोलत नव्हतं. आज सकाळी शांतव्वानं स्वतःच्या हातानं ती शेगडी पलंगाखाली सरकवली होती. पाहुणे यायच्या आधी घर सारवून घ्यावं, तशी.

गणपतराव खाली वाकून बोलले. “आज्जी, मी आपल्या मनानं दोन लिहिल्या तर फोटो मागत्यात. पलंगाखालचं तेवढं बाहेर काढा. फोटो घेतो, विषय संपला. पाच वाजता यादी बंद होणार हाय.”

“पलंगाखाली अंथरुणं हायत.” शांतव्वाचा आवाज चढला. “आणि प्लॉटासाठी घर फुटलं म्हणून सरकारी कागदावर लिवून देऊ व्हय? माणसं जात्यात, कागद ऱ्हातो, गणपतराव. माझी नातवंडं वाचतील की त्यो.”

गणपतराव दानेश्वरीकडं वळले. “वहिनी, रुद्रेश कुठं हाय?”

“इचलकरंजीला. मागावर. दिवसपाळी हाय.”

“मग तुम्हीच सांगा. चुली किती?”

दानेश्वरीनं लेक या कडेवरून त्या कडेवर घेतली. सकाळी डबा उचलताना रुद्रेश एवढंच बोलला होता, दोन सांग, ही भिंत आणखी एक पूर काढायची नाही. तिनं तोंड उघडलं, आणि तिला सासू दिसली. म्हातारी रागानं बघत नव्हती. राग असता तर सोपं होतं. जन्मात कुणापुढं पदर न पसरलेली ती बाई डोळ्यांनी पदर पसरून बसली होती.

“एकच,” दानेश्वरी म्हणाली.

गणपतरावांचं बोट काचेवर तसंच थांबलं. “वहिनी, एकदा दाबलं की मला मागं घेता येत न्हाय.”

“दाबा.”

“च्या तरी घ्या की!” शांतव्वा मागनं म्हणत होती, पण गणपतराव कुणाकडं न बघता चप्पल घालून पुढच्या घराकडं गेले.

शांतव्वानं सुनेला हाताला धरून चुलीपाशी बसवलं. आपल्या हातानं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, वर लोणकढं तूप.

“खा, माझे बाई. घराची लाज राखलीस. आता रोज हितंच जेवायचं. झालं गेलं मी मनात ठेवत न्हाय.”

दानेश्वरीनं भाकरी मोडली नाही. सासूला ती अत्ती म्हणायची.

“अत्ती, माळावरचं घर एक. त्यात खोल्या दोन. भावोजी, जाऊबाई, त्यांची तीन पोरं आणि तुम्ही. पाणी चढलं की आम्ही तिघांनी कुठं जायाचं?”

शांतव्वाचा तुपाचा हात वाटीतच राहिला. मग तिनं ताटात आणखी एक चमचा तूप घातलं.

“खा आधी. गार व्हायलंय.”

तर मंडळी, पंचगंगा इशारा पातळीला आली असं ऐकाल, तेव्हा देवापुढं हात जोडताना या दानेश्वरीची आठवण ठेवा. माळावरच्या यादीत ती तुम्हाला सापडायची नाही.