शेजारची खुर्ची

धुळ्याच्या धावपट्टीवर छोटं विमान तयार होतं, पण शर्वरीच्या शेजारची खुर्ची रिकामीच होती. घरच्या सिम्युलेटरवर विमान उडवायला शिकलेल्याला परवाना हवा असेल, तर पहिल्या खऱ्या उड्डाणात घरातलं एक माणूस शेजारी बसलं पाहिजे, असा नियमच होता.

शर्वरीची अडचण तिथेच होती. तिचा सिम्युलेटर स्वयंपाकघराला लागून होता. सहा वर्षं तिची विमानं कोसळताना सगळ्यांनी जेवता जेवता ऐकली होती.

"मला चक्कर येते गं," नवरा पुटपुटला. दिराला तर सकाळीच काम निघालं होतं.

परीक्षक म्हणाले, "कोणीच नसेल, तर अर्ज रद्द होईल, मॅडम."

तेवढ्यात सासूबाई पदर खोचून विमानात चढल्या. एरवी दोघींचं फारसं पटत नसे.

"आई, तुम्ही? भीती नाही वाटत?"

"कसली भीती? पाडायची तेवढी विमानं तू घरातच पाडलीस की! चल, मला दळण आणायचंय."

शर्वरीने इंजिन सुरू करण्याआधी सासूबाईंचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. हे मात्र सिम्युलेटरने तिला शिकवलं नव्हतं.